मोंबासा : गाईडसोबत एक दिवस (आणि वसईत बांधलेलं जहाज)

खाडीकिनारा
केनिया म्हटलं की आपल्याकडचे सगळे धागे मसाई माराच्या सिंहांपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. मोंबासाचा उल्लेख आला तर 'बीचवर जाताना लागतं' एवढाच. धाकटी बहीण नैरोबीत असते, तिच्याकडे गेलो असताना आम्ही दोघं मोंबासाला उतरलो आणि एक पूर्ण दिवस गाईड घेऊन शहर पाहिलं. कुणाचा बेत असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. फोटो नंतर टाकतो, इथे चढवताना साइज कमी करायचा कंटाळा येतो.

नैरोबीहून मदारका एक्स्प्रेसने आलो. ही नवी रेल्वे 2017 ची, पाच-सहा तासांत पोचवते. खिडकीतून त्सावोचं अभयारण्य दिसतं, हत्ती दिसले तर नशीब. शेजारून अधूनमधून जुनी मीटरगेज दिसते. 1896 मध्ये मोंबासातून सुरू होऊन 1901 मध्ये व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत गेलेली ती लाइन, जिच्यासाठी ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले. नवीन स्टेशन मात्र शहरात नाही, मिरितिनीला आहे. मोंबासा हे बेट आहे आणि बेटावर शिरेपर्यंत ट्रकच्या रांगेत बराच वेळ जातो. म्हणून त्याच दिवशी फिरायचं ठरवू नका, मुक्काम करून सकाळी निघा.

सकाळी लवकर म्हणजे खरंच लवकर. अकरानंतर तिथला दमटपणा मे महिन्यातल्या मुंबईला लाजवतो. गाईडने आधीच विचारलं होतं, "सगळं थोडं थोडं बघायचंय की एक-दोन जागा नीट?" आम्ही दुसरं सांगितलं. माझ्या मते मोंबासात तेच करावं. 'सिटी टूर' नावाची जी गोष्ट विकली जाते त्यात किल्ला अर्धा तास, हस्तिदंत पाच मिनिटं, लाकडी कोरीवकामाचा कारखाना एक तास (कमिशन!), मग देऊळ, मग मगरी, मग जेवण. दिवसाअखेर फोटो भरपूर, डोक्यात काही नाही.

ते हस्तिदंत म्हणजे मोई अव्हेन्यूवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभारलेल्या ॲल्युमिनियमच्या सुळ्यांच्या कमानी. भर रहदारीत आहेत. टुकटुकमधून जाताना मान वळवली तरी पुरतं.

फोर्ट जीझस मात्र सावकाश बघा. पोर्तुगीजांनी 1593 ते 1596 मध्ये बांधला. आराखडा जोव्हानी बातिस्ता कैराती या मिलानच्या वास्तुकाराचा. हा गोव्यातून पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या तटबंद्यांचं काम बघायचा. किल्ला प्रवाळाच्या खडकावर उभा आहे आणि भिंतीही प्रवाळाच्याच दगडाच्या. जवळ जाऊन पाहिलं तर दगडात शिंपल्यांचे आणि पोवळ्यांचे छाप दिसतात, हात फिरवला तर तळवा खरचटतो. बुरुजांना साव फिलिपे, साव आल्बेर्तु अशी संतांची नावं. आत ओमानी काळातलं घर आहे, विहीर आहे, समुद्राच्या बाजूला उतरणारी खडकात कोरलेली वाट आहे. ब्रिटिशांनी 1895 पासून 1958 पर्यंत इथे तुरुंग चालवला, त्याआधी ओमानी, त्याआधी पोर्तुगीज. 2011 पासून जागतिक वारसा यादीत आहे.

मला सगळ्यात आवडली ती पोर्तुगीज खलाशी-सैनिकांनी भिंतीच्या गिलाव्यावर काढलेली चित्रं. ती बुरुजावरून काढून आता आत मांडली आहेत. काळ्या आणि तांबड्या रंगात जहाजं, माणसं, मासे, चर्च. ज्याने जहाज काढलंय त्याला शिडाचा एक न् एक दोर ठाऊक होता. माणसं मात्र शाळकरी पोराने काढावीत तशी. गाईड म्हणाला, पहाऱ्यावर बसून दुसरं काय करणार.

आणि आता शीर्षकातली गोष्ट. संग्रहालयात एका भागात किल्ल्यासमोर बुडालेल्या जहाजातून काढलेल्या वस्तू आहेत. जहाजाचं नाव 'सांतु आंतोनियु द ताना'. पाटी वाचत होतो, आणि खाली लिहिलंय, बांधणी वसई! 1680 च्या सुमारास वसईत बांधलेलं हे बेचाळीस तोफांचं पोर्तुगीज फ्रिगेट (लढाऊ जहाज), आणि नावातलं 'ताना' म्हणजे आपलं ठाणे. म्हणजे ठाण्याचा संत अँथनी, 1697 मध्ये मोंबासाच्या किल्ल्यासमोर बुडाला. मी गाईडला म्हटलं, ही वसई, म्हणजे तुमचं 'बासेईन', आमच्या घरापासून लोकलने अर्ध्या तासावर आहे. त्याचा विश्वासच बसेना. त्याला 'बासेईन' भारतात कुठेतरी आहे एवढंच ठाऊक होतं. मग पुढची दहा मिनिटं गाईड मी होतो.

1696 च्या मार्चमध्ये ओमानी अरबांनी किल्ल्याला वेढा घातला. तो 1698 च्या डिसेंबरपर्यंत, पावणेतीन वर्षं चालला. आतले लोक लढाईपेक्षा रोगराईने आणि उपासमारीनेच जास्त मेले. कुमक येणार ती गोव्याहून, आणि गोव्याहून निघायचं ते ईशान्येचे वारे सुरू झाल्यावरच. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र बंद असतो हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यामुळे मोंबासाला मदत वर्षातून ठरावीक महिन्यांतच पोचायची. 'सांतु आंतोनियु' अशाच मदतीच्या आरमारातलं. किल्ला पडल्यावर आठवड्याभरात गोव्याची शेवटची कुमक दिसली, त्यांनी किल्ल्यावरचं निशाण पाहिलं आणि गलबतं फिरवली. 1977 ते 1980 मध्ये पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी जहाजाचं उत्खनन केलं. वस्तू वर काढल्या, सांगाडा तिथेच समुद्रतळाशी पुन्हा गाडून ठेवला आहे.

किल्ल्यातून बाहेर पडलो की न्दिया कू नावाचा रस्ता थेट जुन्या शहरात नेतो. इथे गाईड हवाच, नाहीतर दहा मिनिटांत त्याच चौकात परत याल. कोरीव दारं, पहिल्या मजल्याचे पुढे आलेले लाकडी सज्जे, खाली दुकान वर घर. भुलेश्वरची आठवण येते, फक्त गर्दी कमी आणि मांजरं जास्त. मंधरी मशीद 1570 च्या आसपासची मानतात. तिचा मिनार इतका साधा आणि गुटगुटीत आहे की गाईडने दाखवला नसता तर तो मिनार आहे हे कळलं नसतं. जुन्या बंदरात अजून लाकडी गलबतं लागतात, पण फोटो काढण्याआधी विचारा, तिथले पहारेकरी चिडतात.

दुपारी मसाल्यांचा बाजार बघून जेवलो आणि उन्हात काहीही केलं नाही. हेही गाईडनेच सुचवलं. उन्हं उतरल्यावर पुन्हा जुन्या शहरात कॉफी. विक्रेता लांब चोचीचं पितळी भांडं घेऊन बसतो, भांड्याच्या बुडाशी निखारे. दांडी नसलेल्या इवल्या कपात सुंठ घातलेली बिनसाखरेची काळी कॉफी, सोबत शेंगदाणे-साखरेची काशाता. रिकामे कप तो एकावर एक वाजवत असतो, तीच त्याची आरोळी. संध्याकाळी मामा न्गिना ड्राइव्हवर गोरखचिंचेच्या प्रचंड झाडांखाली बसलो आणि किलिंदिनी बंदरात शिरणारी कंटेनर जहाजं पाहिली. दिवस तिथेच संपवला.

प्रश्न असतील तर विचारा.

---

वसईचा_केळीवाला
अंगावर काटा आला राव! आयुष्य वसईत गेलं, किल्ल्यात क्रिकेट खेळलो, पण इथे बांधलेलं जहाज आफ्रिकेत संग्रहालयात आहे हे आज कळलं. पोर्तुगीज काळात वसईत जहाजबांधणी जोरात होती हे वाचलं होतं, सागाच्या लाकडाची ख्याती होती. सांगाडा सागाचाच होता का?

आणखी एक. मोंबासा पोर्तुगीजांनी 1728 मध्ये परत घेतलं आणि पुढच्याच वर्षी कायमचं गमावलं. त्यानंतर दहा वर्षांनी, 1739 मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. म्हणजे जहाज ज्या बंदरात बांधलं ते आणि जिथे बुडालं ते, दोन्ही दहा वर्षांत हातचं गेलं.

खाडीकिनारा
@वसईचा_केळीवाला, हो, साग. इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही लाकूड ओळखू येण्याइतकं टिकलं, म्हणून तर अभ्यासकांना त्यात रस होता. दहा वर्षांचा हिशेब माझ्या लक्षात आला नव्हता, भारी.

हिशेबी_कोब्रा
लेख चांगला, पण गाईडला किती दिले ते सोयीस्करपणे गाळलंय. लोक इथे पैशाचं काय ते वाचायला येतात.

आमचा अनुभव उलटा. किल्ल्याच्या दारातच एकाने गाठलं, 'ऑफिशियल गाईड' म्हणाला, गळ्यात कार्डही होतं. आत वीस मिनिटांत सगळं उरकलं आणि मग तासभर चार दुकानं. प्रत्येक दुकानात 'फक्त बघा, घेऊ नका'. शेवटी ठरल्याच्या दुप्पट पैसे मागितले, कारण म्हणे ठरलेली रक्कम माणशी होती. बायको म्हणाली देऊन टाका, दिले. तेव्हापासून माझं मत, किल्ल्यात पाट्या आहेत, वाचता येतं, गाईड कशाला?

खाडीकिनारा
@हिशेबी_कोब्रा, रक्कम मुद्दाम नाही लिहिली. आमचा गाईड बहिणीच्या ओळखीतून आला होता, त्याचा दर सगळ्यांना लागू होणार नाही आणि मग कुणीतरी तिथे जाऊन 'मराठी साइटवर इतके लिहिलेत' म्हणून भांडेल.

पण तुमच्या अनुभवावरून तीन गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात हे नक्की : पैसे माणशी की सगळ्यांचे मिळून, किती तास, आणि दुकान एकही नाही. शेवटचं हसत हसत पण स्पष्ट सांगायचं. प्रवेशाचं तिकीट वेगळं. तिथे केनियन, पूर्व आफ्रिकेतले रहिवासी आणि परदेशी असे वेगवेगळे दर असतात. तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांनी आपलं रहिवासी कार्ड जवळ ठेवावं, बराच फरक पडतो.

किल्ला पाट्या वाचून होईल, मान्य. जुनं शहर नाही होणार.

नैरोबीची_माई
अरे वा, मोंबासावर मराठीत धागा! मी केनियात खूप वर्षं आहे, मुलं इथेच वाढली. खाडीकिनारा, बाळा, छान लिहिलंस, पण जेवणाची एका ओळीत बोळवण केलीस हे काही बरं नाही.

शाकाहारी मंडळींनी मोंबासात अजिबात घाबरू नये. सकाळी माहाम्री आणि म्बाझी खा. म्हणजे वेलची घातलेली, फुगलेली तळलेली पोळीच म्हणा, आणि नारळाच्या दुधातली तुरीच्या दाण्यांची उसळ. ज्यांच्या घरी नारळाच्या रसातली उसळ होते त्यांना वेगळं काही खाल्ल्यासारखंच वाटणार नाही. विआझी काराई म्हणजे हळदीच्या पिठात बुडवून तळलेले अख्खे उकडलेले बटाटे, सोबत चिंचेची चटणी. बटाटेवड्याचा मोंबासातला चुलतभाऊ समजा. संध्याकाळी मामा न्गिनाला गाड्यांवर कसाव्याचे गरम काप मिळतात, त्यावर तिखट आणि लिंबू. मांसाहारी असाल तर मिश्काकी (सळईवर भाजलेले मटणाचे तुकडे) आणि बिर्याणी. इथल्या बिर्याणीत भात वेगळा आणि मसाला वेगळा वाढतात, तक्रार करू नका.

आणि बियाशारा स्ट्रीट राहिला की! कांगा, म्हणजे बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील कापड, घ्यायचा तर तिथेच. जोडीने येतो, दोन तुकडे, काठ वेगळा, मधलं चित्र वेगळं आणि खाली एक ओळ छापलेली असते, म्हण किंवा टोमणा. ती ओळ दुकानदाराकडून वाचून घेतल्याशिवाय कुणालाही भेट देऊ नका. माझ्या मैत्रिणीने सासूला दिलेल्या कांग्यावर काय लिहिलं होतं ते इथे सांगत नाही.

पिल्लू_आणि_मी
माई, सांगाच ना!

आमच्यासोबत सात वर्षांचा मुलगा असणार आहे. किल्ल्यात तीन तास तो काही टिकणार नाही. हॅलर पार्क एका दिवसात बसवता येईल का? की खाडीकिनारा यांच्या मते ते 'फोटो भरपूर, डोक्यात काही नाही' मध्ये येतं?

खाडीकिनारा
@पिल्लू_आणि_मी, नाही नाही, हॅलर पार्कबद्दल माझा आकस नाही. फक्त ते बेटाबाहेर, न्याली पुलापलीकडे बांबुरीला आहे, आणि पुलावरच्या गर्दीचा भरवसा नाही. शक्य असेल तर दुसरा दिवस द्या.

नैरोबीची_माई
मुलांसाठी हॅलर पार्कच. पूर्वी तिथे सिमेंटच्या कारखान्याची चुनखडीची खाण होती. सगळं खणून ओसाड झालेलं, गवताची काडी उगवत नव्हती. 1971 पासून रेने हॅलर या माणसाने तिथे झाडं लावायला सुरुवात केली. जगली ती सुरूची झाडं. पण सुरूची पडलेली पानं कुजेनात, मग त्याने तिथे लांबलचक पैसा किडे (मिलिपीड) आणून सोडले. ते पानं खायचे आणि त्यातून माती तयार व्हायची. आज तिथे जंगल आहे, जिराफ आहेत, जिराफाला हाताने खाऊ घालता येतं. मुलांना एवढं पुरे.

ओवेन आणि म्झी ही जोडीही तिथलीच. 2004 च्या त्सुनामीत अनाथ झालेलं पाणघोड्याचं पिल्लू आणि म्हातारं अल्डाब्राचं कासव. पिल्लू त्या कासवालाच आई समजून चिकटून राहिलं. मुलाला जायच्या आधी ही गोष्ट सांगून ठेवा.

पिल्लू_आणि_मी
पैसा किड्यांची गोष्ट त्याला पाणघोड्यापेक्षा जास्त आवडली! आता विचारतोय घरी सोसायटीच्या बागेत सोडता येतील का. धन्यवाद माई.

मांडवीतीर
गोव्याचा संबंध नुसता कुमकेपुरता नाही हो. किल्ल्याची सगळ्यात विचित्र गोष्ट राहून गेली. मोंबासाच्या सुलतानाचा मुलगा युसुफ बिन हसन लहानपणीच गोव्याला नेला गेला. बापाचा खून पोर्तुगीजांच्या संगनमताने झालेला, आणि मुलगा वाढला गोव्यात ऑगस्टिनियन पाद्र्यांकडे. बाप्तिस्मा झाला, नाव पडलं दों जेरोनिमु चिंगुलिया. पोर्तुगीज जहाजांवर नोकरी केली, लग्न केलं, आणि त्यांनीच त्याला राजा म्हणून मोंबासाला परत पाठवलं. त्यांना वाटलं आपलाच माणूस.

1631 च्या ऑगस्टमध्ये त्याने किल्ल्यात शिरून कप्तानाला मारलं, पुन्हा मुसलमान झाला आणि शहरातले पोर्तुगीज कापून काढले. गोव्याहून आरमार आलं, त्यांना किल्ला घेता आला नाही, पण पुढे तोच किल्ला सोडून जहाज घेऊन निघून गेला. किल्ल्याच्या दारावर 1635 चा शिलालेख आहे, तो परत आलेल्या पोर्तुगीजांचा. आपण किती शूर ते त्यात लिहिलंय.

जुन्या गोव्यात ऑगस्टिनियनांच्या चर्चचा उभा राहिलेला एकच मनोरा आहे ना, त्याच पंथाचे ते पाद्री. पुढच्या वेळी तिथे गेलात की या पोराचा विचार करा.

खाडीकिनारा
@मांडवीतीर, हे आमच्या गाईडने सांगितलं होतं, पण त्याच्या कथेत युसुफ नायक होता आणि गोवा म्हणजे तुरुंग. तुम्ही सांगितलेलं ऐकताना वेगळंच वाटतं. दारावरचा शिलालेख आम्ही पाहिला, अर्थ विचारायचं सुचलं नाही.

हिशेबी_कोब्रा
बघा, ही गोष्ट कुठल्या पाटीवर मला दिसली नव्हती. ठीक आहे, पुढच्या वेळी गाईड घेईन. पण पैसे आधी ठरवून.

वसईचा_केळीवाला
@हिशेबी_कोब्रा, हा हा, जमलं म्हणायचं!

औषधवाला
अवांतर पण महत्त्वाचं. केनियाहून भारतात परत येताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, आणि लस घेतल्यापासून दहा दिवसांनीच ते ग्राह्य धरतात. विमानाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. लस सगळ्या दवाखान्यांत मिळत नाही, सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि तारीख मिळायला वेळ लागतो. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी, गरोदर बायकांनी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, परस्पर टोचून घेऊ नये. मोंबासा किनाऱ्यावर असल्याने हिवतापाचंही विचारून ठेवा, नैरोबीपेक्षा तिथे धोका जास्त.

व्हिसा म्हणून आता काही नाही, 2024 पासून निघण्याआधी ऑनलाइन परवानगी काढायची असते. आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या बॅगेत नेऊ नका, 2017 पासून तिथे बंदी आहे. चिवडा कापडी पिशवीत किंवा डब्यात.

गुलमोहर_६२
चिवडा डब्यात, नोंद केली.

माझं वय बासष्ट, गुडघे दुखतात. जुनं शहर चालत किती? आणि टुकटुक सुरक्षित आहेत का?

खाडीकिनारा
@गुलमोहर_६२, टुकटुक म्हणजे आपली रिक्षाच. बजाज, टीव्हीएस, पियाज्यो, सगळी ओळखीची नावं. मीटर नाही, बसण्याआधी भाडं ठरवायचं. रोख नसेल तर बरेच जण एम-पेसावर (मोबाईलवरून पैसे द्यायची तिथली सोय) घेतात.

जुनं शहर सपाट आहे, चढ नाहीत, पण रस्ते ओबडधोबड आणि बसायला बाकडी नाहीत. किल्ल्यात मात्र पायऱ्या आहेत, समुद्राकडच्या वाटेच्या पायऱ्या घसरड्या, त्या सोडल्या तरी चालेल. गाईडला आधीच सांगा, 'चालणं कमी, बसणं जास्त'. तो कॉफीवाल्यापाशी स्टूल मागून घेईल. आणि लस घेण्याआधी औषधवाला यांनी वर साठीबद्दल लिहिलंय ते बघाच.

नैरोबीची_माई
एप्रिल-मे सोडून जा, तेव्हा मोठा पाऊस असतो. जुलै-ऑगस्टला हवा सगळ्यात बरी. डिसेंबर-जानेवारीत अर्धं नैरोबी तिथे उतरतं, रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत, आधी काढून ठेवा. गुलमोहर, तुम्ही नक्की जा, माझे गुडघे तुमच्यापेक्षा वाईट आहेत आणि मी गेल्याच वर्षी गेले होते. नैरोबीत उतरणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, महाराष्ट्र मंडळाचा काही कार्यक्रम असला तर कळवते.

पिल्लू_आणि_मी
माई, त्या कांग्यावर काय लिहिलं होतं ते व्यनित सांगा प्लीज.